पैसे देऊन ओझे का उचलायचे?

— एक विद्यार्थिनी, बी. ए. द्वितीय वर्ष

शीर्षकातला प्रश्न माझा नाही, आमच्या गावाचा आहे. मागल्या वर्षी रोवण्याच्या मजुरीतून मी तालुक्याच्या गावी व्यायामशाळेची फी भरली, तेव्हा शेजारच्या बायांपासून पानठेल्यावरच्या मंडळींपर्यंत अनेकांनी तो विचारला. आपल्या भागात ओझे उचलण्याचे पैसे मिळतात. ओझे उचलायला उलट पैसे देणारे माणूस आम्ही कधी पाहिलेले नव्हते. प्रश्न हसत विचारला गेला, पण तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. घरातून पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेल्या आपल्यासारख्या मुलामुलींनी त्याचे नीट उत्तर दिले पाहिजे, असे मला वाटते. हा लेख म्हणजे तसा एक प्रयत्न आहे.

आमचे बपेरा हे तुमसर तालुक्याच्या टोकाचे गाव. बावनथडीच्या पलीकडे मध्य प्रदेश सुरू होतो. भोवती धानाच्या बांध्या. आषाढात रोवणे सुरू झाले की सकाळपासून दिवस बुडेपर्यंत चिखलात वाकून पऱ्हे लावायचे. दिवाळीच्या आगेमागे कापणी, मग भारे डोक्यावर घेऊन बांधावरून चालायचे, मग चुरणे आणि पोती भरणे. माझ्या आईवडिलांच्या पिढीला कोणी व्यायामाचे महत्त्व सांगितले नाही आणि सांगण्याची गरजही नव्हती. ताटात भाताचा डोंगर असे आणि संध्याकाळपर्यंत तो जिरून जात असे.

आता माझा दिवस पाहा. पहाटे एसटीत बसायचे, साडेअकरापर्यंत वर्गातल्या बाकावर बसायचे, पुन्हा एसटीत बसायचे, घरी येऊन पुस्तक किंवा मोबाईल घेऊन बसायचे. ताट मात्र तेच राहिले. कष्ट करणाऱ्याचे जेवण आणि बसणाऱ्याचा दिवस, असा हा जमाखर्च आहे. बारावीपासून पुढच्या दीड वर्षात माझे वजन ६६ किलोवर गेले. पाच फूट एक इंच उंचीला हे बरेच जास्त होते. पण घरी कोणाला चिंता वाटली नाही. उलट आजी कौतुकाने म्हणाली, "आंग भरला पोरीचा, बरा झाला." तिच्या म्हणण्यातला अर्थ मी समजू शकते. ज्या घराने उपास काढले आहेत, त्या घरात भरलेले अंग म्हणजे सुखाचे लक्षण. नात उन्हातून सावलीत गेली, याची ती पावती होती.

पण हे सुख खरे आहे का? या प्रश्नाला शास्त्राने दिलेले उत्तर विचार करण्यासारखे आहे.

१९५३ साली जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या बसकामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या काळी एकाच बसवर दोघे जण काम करत. ड्रायव्हर दिवसभर बसून असे, तर कंडक्टर दुमजली बसच्या शेकडो पायऱ्या चढत-उतरत असे. हृदयविकाराचे प्रमाण ड्रायव्हरांमध्ये जास्त आढळले, आणि कंडक्टरांना तो झाला तरी उशिरा व कमी तीव्रतेचा झाला. बसून राहणे आणि हृदयाचा रोग यांचा संबंध जगाच्या लक्षात आला तो या अभ्यासापासून.

दुसरे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातले आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील माता आणि त्यांची बाळे यांचा अभ्यास केला. आपली बाळे इंग्रज बाळांपेक्षा वजनाने बरीच लहान असतात. परंतु स्नायू कमी आणि त्या मानाने चरबी जास्त, अशी त्यांच्या शरीराची घडण असते, असे त्यांना दिसून आले. वरून बारीक आणि आतून चरबीचे, असे हे भारतीय शरीर आहे. पोटात उपाशी राहिलेल्या पिढीला पुढे बसून खाण्याचे दिवस आले की मधुमेह तिला लवकर गाठतो. म्हणूनच आपल्याकडे जाडीची मर्यादा पाश्चात्त्यांपेक्षा खालची धरतात. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या व स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या वर गेली की सावध व्हावे, असे डॉक्टर सांगतात. मधुमेह हा शेठजींचा रोग आहे, अशी समजूत अजून आपल्या खेड्यांत आहे. ज्यांच्या घरात पहिल्यांदाच कोणी खुर्चीवर बसायला शिकले, त्यांनी तर ती सर्वांआधी सोडली पाहिजे.

यावर एक आक्षेप लगेच येतो, आणि तो बिनतोड वाटतो. "मग बांधीत ये की! चार दिवस भारे वाहिलेस की सारी चरबी उतरेल. त्यासाठी फी कशाला?"

श्रमाचा मला आदर आहे. मी आजही रोवण्याला जाते. तरीही माझे म्हणणे असे की श्रम आणि व्यायाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. श्रमात ओझे किती हे काम ठरवते. व्यायामात ते आपले शरीर ठरवते. आज जेवढे पेलते तेवढेच उचलायचे, पंधरा दिवसांनी थोडे वाढवायचे, आणि मध्ये विश्रांती घ्यायची. स्नायू बळकट होतो तो या विश्रांतीत. रोवण्यात दिवसभर एकाच बाजूला वाकायचे असते. उलट बाजूच्या स्नायूंना काम नाही, आणि कंबर धरली म्हणून कोणी मजुरीची सुट्टी देत नाही. शिवाय ही कामे वर्षातले काही आठवडेच असतात, आणि ट्रॅक्टर व कापणीची यंत्रे आल्यापासून तीही कमी होत चालली आहेत. माझ्या आईने आयुष्यभर जेवढे वजन उचलले असेल, तेवढे आमच्या व्यायामशाळेत कोणी उचलले नसेल. पण पन्नाशी यायच्या आत तिचे गुडघे दुखू लागले. श्रमाने घर उभे राहिले, शरीर मात्र झिजले. व्यायामात ते जपून घडवता येते. हा फरक गावाला सांगितला पाहिजे.

हे काही शहरातून आलेले खूळ नाही, हेही सांगायला हवे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवे रूप दिले. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः नेमाने सूर्यनमस्कार घालत, आणि त्यांनी आपल्या संस्थानच्या शाळांतून मुलांनाही ते घालायला लावले. आपल्याच विदर्भात, अमरावतीला, वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केले, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने तिथे आपले देशी खेळ व कसरती करून दाखवल्या. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून कुस्तीचे कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. लाल माती, जोर, बैठका, मुद्गल आणि रोजचा नेम, एवढ्यावर ही माणसे उभी राहिली. आजच्या व्यायामशाळेतली चकचकीत यंत्रे पाहून बिचकण्याचे कारण नाही. बैठका त्याच आहेत.

मात्र या परंपरेत एक उणीव होती. आखाडा हा बहुतेक मुलांचाच राहिला. ती उणीव अजून पुरती भरून निघालेली नाही. आमच्या गावच्या रस्त्यावर पहाटे मुले धावतात. त्यांना कोणी थांबवून विचारले तर प्रश्न एकच असतो, "कोणती भरती आहे?" मुलगी धावली तर प्रश्न अनेक असतात. कोणाबरोबर गेली होती? हे कपडे कशासाठी? लग्नाचे काही ठरले का? घरातही तसेच. भाऊ धावून आला की त्याच्यासाठी दूध तापवून ठेवलेले असते; बहिणीने आधी भांडी आटोपायची आणि मग वेळ उरला तर व्यायाम. माझ्या घरचे लोक वाईट नाहीत. फक्त मुलीच्या शरीराला काम असते, गरज नसते, अशी सवय पिढ्यान्‌पिढ्या पडून गेली आहे.

खरे पाहता मुलींनाच याची निकड जास्त आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयाच्या १०० पैकी ५७ स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले, आणि त्याच सर्वेक्षणात १०० पैकी २४ स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर निघाले. वजन जास्त आहे म्हणून पोषण चांगले आहे, असे समजण्याची सोय राहिली नाही. शिवाय हाडांचा भक्कमपणा साधारण तिशीपर्यंतच वाढवता येतो. पुढे, विशेषतः पाळी थांबल्यावर, स्त्रीची हाडे ठिसूळ होऊ लागतात. वजन उचलण्याच्या व्यायामाने ती बळकट होतात. म्हणजे आजीच्या वयात लागणारी शिदोरी आत्ताच बांधून ठेवायची असते.

आता थोडे स्वतःच्या अनुभवाविषयी. तालुक्याच्या व्यायामशाळेत दुपारी बारा ते एक अशी मुलींची वेळ होती, फी महिन्याला पाचशे रुपये. मी आणि माझ्या दोन मैत्रिणी आठवड्यातून तीन दिवस तास सुटल्यावर जाऊ लागलो. इतर दिवशी घरी सांदवाडीत दोरीवरच्या उड्या आणि सूर्यनमस्कार. पहिले तीन आठवडे काटा जागचा हलला नाही. एक मैत्रीण तर सोडूनच निघाली होती. तेव्हा ताईंनी, म्हणजे आम्हाला शिकवणाऱ्या बाईंनी, हिशेब मांडून दाखवला. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० उष्मांक साठवलेले असतात. तासभर झपझप चालले तर साधारण अडीचशे खर्च होतात. म्हणजे नुसते चालून एक किलो घटवायला तीस तास लागतील. पण दोन्ही वेळचा भात मिळून शंभर ग्रॅम तांदूळ कमी शिजवला, तर दिवसाला साडेतीनशे उष्मांक सहज वाचतात. यावरून दोन गोष्टी कळल्या. नुसत्या व्यायामाने वजन भराभर उतरत नाही. आणि नुसते उपाशी राहिले तर चरबीबरोबर स्नायूही जातो. दोन्हीची सांगड घालावी लागते.

भात मी सोडला नाही. भंडाऱ्याच्या माणसाला भात सोडायला सांगणे म्हणजे माशाला पाणी सोडायला सांगणे आहे. डोंगराची टेकडी केली, इतकेच. त्या जागी वरण, भाजी, भिजवलेले चणे, कधी अंडे, कधी तलावातली मासोळी. अशा रीतीने दहा महिन्यांत वजन ६६ वरून ५९ किलोवर आले, कंबर ३६ इंचांवरून ३२ वर आली, आणि गेले सहा महिने ती तिथेच टिकून आहे. ८० सेंटिमीटर म्हणजे साडेएकतीस इंच. अजून अर्धा इंच बाकी आहे.

परंतु मला सर्वांत मोलाचा वाटतो तो फायदा काट्यावर दिसत नाही. यंदाच्या रोवण्यात पहिल्याच आठवड्यात धरणारी कंबर धरली नाही. व्यायामशाळेत जमिनीवरून वजन उचलायला शिकवतात, तेव्हा पहिला धडा असा असतो की पाठ सरळ ठेवायची, गुडघ्यातून वाकायचे आणि ओझे अंगाशी धरून पायांच्या बळावर उठायचे. धानाचे पोते तसे उचलून पाहिले आणि आईलाही दाखवले. ती आधी हसली; आता तीही तसेच उचलते. रात्री झोप चांगली लागते, आणि दुपारी पुस्तक उघडल्यावर येणारी पेंग कमी झाली आहे. परीक्षेच्या दिवसांत याची किंमत काय असते, हे वाचकांना सांगायला नको.

आता आपल्या मित्रांविषयी. राज्याच्या पोलीस भरतीत मैदानी चाचणीला ५० गुण असतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावायचे असते, शिवाय १०० मीटर धावणे आणि गोळाफेक. त्यासाठी आपल्या भागातली मुले जी मेहनत घेतात, तिला तोड नाही. गरीब घराला तेवढे एक दार उघडे दिसते. पण त्या मेहनतीची तऱ्हा पाहा. जाहिरात निघाली की दोन महिने जिवाच्या आकांताने धावायचे आणि निकाल लागला की सारे बंद. निवड न झालेला निराशेने सोडतो आणि निवड झालेला समाधानाने सोडतो. काही वर्षांनी दोघांचीही पोटे सारखीच दिसतात. २०२४ च्या भरतीत धावताना कोसळून काही तरुणांचे प्राण गेल्याच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या. वर्षभर हळूहळू कमावलेला दम आणि ऐनवेळी ओढून आणलेला दम यांत फरक असतो. याच घाईपोटी कोणी स्नायू फुगवणाऱ्या इंजेक्शनांच्या नादी लागतो. त्या औषधांनी हृदय, यकृत आणि पुरुषत्व या तिन्हींची हानी होते. "महिन्यात दहा किलो कमी" असे सांगणाऱ्या जाहिरातीही त्याच माळेतल्या.

आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. ज्यांच्या घरात हा आजार आहे, त्यांनी रक्त तपासून घ्यावे आणि डॉक्टरांना विचारूनच व्यायामाचे प्रमाण ठरवावे. भर उन्हात, पाणी न पिता दम तोडून धावणे अशांना घातक ठरू शकते.

मग किती व्यायाम पुरे? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेले प्रमाण असे आहे: मोठ्या माणसाने आठवड्यात किमान १५० मिनिटे दम लागेल इतपत हालचाल करावी आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताण देणारे व्यायाम करावेत. रोजच्या हिशेबाने ही वीस-पंचवीस मिनिटे होतात. बसची वाट पाहत स्टँडवर आपण याहून जास्त वेळ उभे राहतो! वेळ नाही ही सबब आपल्यापैकी फार थोड्यांना शोभेल.

पण जागेची अडचण मात्र खरी आहे. माझ्याजवळ मजुरीचे पैसे होते म्हणून मी फी भरली. ज्यांच्याजवळ ते नाहीत, त्यांनी काय करावे? आमच्या महाविद्यालयाच्या जिमखान्यात वजने आहेत, दोऱ्या आहेत, चटया आहेत. पण तो उघडतो तो संघांच्या सरावासाठी आणि दुपारी चारनंतर. त्या वेळी बाहेरगावची मुले केव्हाच घरी पोचलेली असतात. मागच्या बाकावरच्या, कोणत्याही संघात नसलेल्या विद्यार्थ्यासाठी तो नाही. ज्याला गरज कमी त्याला सोय, आणि ज्याला गरज जास्त त्याला कुलूप, असे होते.

म्हणून आपल्या गुरुजनांपुढे मी तीन नम्र सूचना ठेवते. सकाळचे तास सुटल्यावर साडेअकरा ते एक जिमखाना सर्वांसाठी उघडा असावा. आठवड्यातले तीन दिवस मुलींसाठी राखावेत. आणि वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येकाचे वजन, कंबर व रक्त तपासून त्याची नोंद ठेवावी, म्हणजे प्रगती कळेल. देखरेखीचे काम राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक आनंदाने करतील. माझे नाव त्यात पहिले लिहावे. यासाठी नवी इमारत नको की नवे अनुदान नको. किल्ली लावणारा एक हात हवा.

आणि विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, किल्ली मिळेपर्यंत वाट पाहत बसू नका. सांदवाडी आहे, शाळेचे पटांगण आहे, पाण्याने भरलेला पाच लिटरचा कॅन आहे. सातारा जिल्ह्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत धावली आणि दहावी आली. तिची सुरुवातही आपल्यासारख्याच एका खेड्यातली. आपल्याला ऑलिंपिक गाठायचे नाही. आपल्याला साठाव्या वर्षी स्वतःच्या पायांनी बांधावरून चालता आले पाहिजे, एवढेच. आपल्या आईवडिलांनी आपल्या अंगावरचे ओझे उतरवून स्वतःच्या डोक्यावर घेतले, म्हणून आपण आज बाकावर बसलो आहोत. त्या बसण्याने आपले शरीर निकामी झाले, तर त्यांचे कष्ट फुकट जातील. ते तसे जाऊ नयेत म्हणून रोज थोडे ओझे आपण आपल्या खुशीने उचलले पाहिजे.